वेताळाला गॉब्लिन म्हणू नका

इंटरनेटवर 'भारतातील सर्वांत भयानक जागा' अशा याद्या फिरत असतात. त्यात सुरतेजवळच्या डुमसचा समुद्रकिनारा हटकून असतो. काळी वाळू, जवळ स्मशान, आणि रात्री कानाशी कोणीतरी 'परत जा' असे कुजबुजते म्हणे! दिवसा त्याच डुमसला सुरतकर टोमॅटोची भजी खायला जातात, ते सोडा. मला खटकते ते वेगळेच. डुमसच्या या भुताला नाव नाही, गाव नाही, काम नाही. नुसते घाबरवायचे आणि पुढच्या यादीत जायचे.

युरोपातली जुनी भुतावळ अशी बेवारशी नव्हती. जर्मन खाणकामगारांचा कोबोल्ड खाणीत खोड्या काढायचा. कोबाल्ट या धातूला त्याच्यावरूनच नाव मिळाले. स्कॉटलंडचा ब्राउनी रात्री गुपचूप घरकाम करायचा, पण त्याला नवे कपडे दिले की घर सोडून जायचा. हॅरी पॉटरमधला डॉबी मोज्यामुळे सुटतो, त्याचे मूळ इथे आहे. पुढे टॉल्किनच्या 'हॉबिट'मध्ये (1937) गॉब्लिन म्हणजे नायकाने मारायची दुष्ट फौज झाली. आता व्हिडिओ गेममध्ये तर तो पहिल्याच पायरीवर मार खाणारा बिचारा!

हे त्यांचे झाले. पण हाच साचा आपल्यावर बसवला गेला, त्याचे काय? रिचर्ड बर्टनने 1870 साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचा 'व्हॅम्पायर' केला. आर्थर रायडरने 1917 मध्ये त्याच कथांना 'बावीस गॉब्लिन' असे नाव दिले. राजाला न्यायनीतीचे कोडे घालणारा वेताळ एकाकडे रक्तपिपासू झाला, दुसऱ्याकडे बुटका खोडकर. आमच्या देवचाराची गत याहून वाईट. हिंदूंच्या गावात तो राखणदार, आणि ख्रिस्ती कोंकणीत त्याच शब्दाचा अर्थ सैतान!

आमोणे, पैंगीण, लोलये इथे जाऊन बघा. बेताळ तिथे देव आहे. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला भक्त चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा वाहतात. का, तर तो रात्री गावाच्या रक्षणाला फिरतो आणि फिरून फिरून त्या झिजतात. गंमत बघा, ब्राउनीला कपडे दिले की तो निघून जातो. वेतोबाला वहाणा द्यायच्या त्या त्याने फिरत राहावे म्हणून. राखणदाराला रोट, विडी, सोरो देतात तोही नुसता भीतीपोटी नव्हे. तो एक करार आहे. तू सीमा राख, आम्ही तुझा मान राखू.

यावर कोणी म्हणेल, ही अंधश्रद्धाच की! देवचार खरोखर काठी आपटत फिरतो का, हा माझा मुद्दाच नाही. त्याच्या जागेतले झाड तोडताना माणूस दहा वेळा विचार करायचा, हा आहे. आता डोंगर कापताना, शेत विकताना कोणाला विचारायचे? ज्या जागेला राखणदार नाही ती जागा नुसता प्लॉट. एकदा तो 'भूत' ठरला की त्याला हाकलणे सोपे होते.

'मुंज्या' (2024) या हिंदी चित्रपटामुळे कोकणातले एक नाव देशभर पोचले, याचा आनंद आहे. पण नाव पोचले तसे नातेही पोचायला हवे. सुरतेत उधना, लिंबायतकडे खानदेशातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. तिथल्या मुलाला डुमसची कुजबुज मोबाईलवर आपोआप ऐकू येईल. म्हसोबा, वेताळ, मुंजा कोण आणि ते कुणाची राखण करतात, हे मात्र आजीनेच सांगायला हवे. तेही मूळ नावांनी. गॉब्लिन त्यांच्या खाणीत सुखाने नांदोत. आमच्या वेशीवर वेताळच असू द्या!