गाडीचे वय विचारण्याआधी स्टिअरिंग हलवून पाहा

जुन्या गाडीचे काय करायचे, हे आपल्याकडे तिच्या जन्मतारखेवरून ठरते. खासगी कारला पंधरा वर्षे झाली की दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या कारसाठी दहा हजार झाले. तीच गाडी पन्नाशी ओलांडून मूळ रूपात टिकली, तर २०२१ च्या नियमांनुसार ती विंटेज ठरते. मग तिच्या नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, रॅलीत आणि प्रदर्शनात तिला मान मिळतो, पण रोजच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे भंगार धोरण आणि विंटेज नियम ही दोन्ही अपत्ये एकाच वर्षाची, आणि दोन्ही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयातली. सत्तरच्या दशकात नामकरण झालेली प्रीमियर पद्मिनी आणि २०१४ पर्यंत बनत राहिलेली ॲम्बेसेडर या बहुतेक करून पंधरा आणि पन्नास वर्षांच्या रेषांच्या मधे अडकतात. अशा गाडीचा निवाडा वयावर सोडू नये, तो तिच्या स्टिअरिंगवर व्हावा, आणि त्यासाठी ढिलाई नेमकी कुठे आहे हे शोधण्याच्या कसबाला तपासणीत मानाची जागा मिळावी, असे माझे म्हणणे आहे.

कायद्यात याचा पाया आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम सांगतो की स्टिअरिंगमधला प्ले, म्हणजे चाके वळण्याआधीची मोकळी हालचाल, तीस अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट-पिना सुटणार नाहीत अशा पक्क्या केलेल्या असाव्यात. तीस अंश कागदावर थोडे वाटतात. चाळीस सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर ते दहा सेंटिमीटरहून जास्त भरतात. ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने गाडी अर्ध्या सेकंदात आठ मीटर पुढे जाते, तेवढ्यात हाताने ही दहा सेंटिमीटरची पोकळी आधी भरून काढायची आणि मग चाके वळवायची. म्हणजे मर्यादा मुळातच उदार आहे. शिवाय तिच्यात एक मोठी फट आहे. डॅशबोर्डखालच्या ब्रॅकेटचे बोल्ट ढिले असतील किंवा वरचा बुश झिजला असेल, तर सगळा कॉलम वर-खाली डुलतो, तरी फिरण्यातला प्ले जवळपास शून्य असू शकतो. अंश मोजणाऱ्याच्या लेखी ती गाडी पास.

म्हणून आकड्याआधी निदान हवे, आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही. प्रथम स्टिअरिंग धरून वर-खाली आणि आपल्याकडे ओढून पाहावे. तिथे हालचाल असेल तर दोष कॉलमच्या क्लॅम्पमध्ये, बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये. पद्मिनीत गिअरची दांडीही कॉलमवरच असल्याने तिचे सांधे झिजले तरी सगळाच कॉलम ढिला झाल्याचा भास होतो, तेव्हा ते वेगळे तपासावे लागतात. फिरवण्यात पोकळी असेल तर गाडीचे वजन चाकांवर ठेवून एकाने स्टिअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे आणि दुसऱ्याने खालून हालचालीचा माग काढावा: शाफ्ट, कपलिंग, स्टिअरिंग बॉक्स, ड्रॉप आर्म, टाय रॉड. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला पुढचा हलत नाही, तिथे दुखणे आहे. कधी बॉक्स निर्दोष असतो आणि तो ज्या चॅसिसवर बसवला तिथलेच बोल्ट सैल असतात, क्वचित चॅसिसलाच चीर गेलेली असते. हे खाली वाकल्याशिवाय दिसत नाही. रॅलीत बंपरच्या चकाकीचे फोटो काढणारे पुष्कळ, गाडीखाली डोकावणारे विरळा.

हे शोधकाम टाळून थेट बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळणे ही सोपी पळवाट आहे. ती धोक्याची का, ते समजून घेण्यासारखे आहे. गाडी बहुतांश वेळ सरळ धावते, त्यामुळे बॉक्समधला वर्म मधल्या भागात सर्वांत जास्त झिजतो, टोकांकडे कमी. मधली पोकळी नाहीशी होईपर्यंत स्क्रू आवळला की टोकांना तो जाम होतो. मग वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही, आणि चालकाला मात्र ते ‘टाइट’ झाल्याचे समाधान मिळते. ॲम्बेसेडरमध्ये बॉक्सऐवजी रॅक-पिनियन आहे, तिथेही रॅक मधेच झिजतो, म्हणजे हिशेब तोच. झिजलेला बुश मिळत नसेल तर लेथवर नवा करून घ्यावा. पण टाय रॉडचे टोक किंवा ड्रॉप आर्म वेल्डिंगने भरणे म्हणजे पोलादाची ताकद तापवून घालवणे. उघडलेल्या सांध्यात जुनी स्प्लिट पिन पुन्हा घालणे ही तर निव्वळ कंजुषी. नागपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीपार जातो आणि बॉल जॉइंटच्या रबरी टोप्या तडकतात. तडकलेल्या टोपीतून आधी ग्रीस बाहेर येते, मग धूळ आत जाते. म्हणजे ९८ व्या नियमातली टोपीची अट किरकोळ वाटली तरी इथे तीच पहिली पाहावी.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की स्टिअरिंग कितीही नीट केले, तरी जुनी गाडी जुनीच. तो खरा आहे. अमेरिकेत १९६८ पासून नव्या कारमध्ये धडकेत आत दबणारा कॉलम सक्तीचा झाला. त्याआधीच्या रचनेच्या गाड्यांत तो सरळ चालकाच्या छातीवर येऊ शकतो, आणि दुरुस्तीने ते बदलत नाही. एअरबॅग नाहीत, धूर जास्त. म्हणून अशा गाडीचा वेग आणि वापर मर्यादित ठेवायला माझी हरकत नाही. पण ही मर्यादा धडक झाल्यानंतरच्या इजेची आहे. धडक होऊच नये यासाठी स्टिअरिंग आणि ब्रेक लागतात, आणि त्यांचे वय कॅलेंडरपेक्षा देखभालीवर ठरते. दहा वर्षांची दुर्लक्षित कार या बाबतीत चाळीस वर्षांच्या जपलेल्या पद्मिनीहून वाईट असू शकते, आणि तिला पंधरा वर्षे पुरी होईपर्यंत कोणी विचारतही नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा: आरटीओतल्या निरीक्षकाने प्रत्येक गाडीखाली शिरायचे का? स्वयंचलित तपासणी केंद्रात चाकांखालची पाटी सरकवून सांध्यांतला प्ले दाखवण्याची सोय असते. ती नसेल तिथेही वर सांगितलेली तपासणी दोन माणसांना काही मिनिटांची. उणीव शिकलेल्या डोळ्यांची आहे. आयटीआयच्या मेकॅनिक मोटार व्हेइकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातली मुले पुढे ज्या गॅरेजात जातात, तिथे इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या वाढत आहेत. बॉक्स उघडून शिम बसवणारे मिस्त्री म्हातारे होत चालले आहेत. नूतनीकरणाच्या वाढीव शुल्कातला काही भाग या मिस्त्रींना आयटीआयत मानधनावर बोलावण्यासाठी वापरता येईल. आणि दहा हजार रुपये भरणाऱ्या मालकाला ‘पास’ एवढ्या शिक्क्याऐवजी प्ले किती अंश, कॉलम डुलतो की नाही आणि कोणता सांधा झिजला आहे, हे लिहिलेला कागद तरी मिळावा.