खांदा कोणाचा, खेळ कोणाचा?

७ जानेवारी २०१० रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथे, रोझ बोल क्रीडांगणावर, अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद ठरविणारा सामना झाला. एका बाजूस टेक्सास विद्यापीठ, दुसऱ्या बाजूस अलाबामा विद्यापीठ आणि सभोवार नव्वद हजारांहून अधिक प्रेक्षक. हा फुटबॉल आपल्याकडे पायाने खेळतात तो नव्हे. चेंडू हाती घेऊन धावण्याचा, दूरवर फेकण्याचा आणि धावणाऱ्यास अंगाच्या धडकेने जमिनीवर लोळविण्याचा हा खेळ आहे. त्यातील क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा सूत्रधार. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्याच हातून सुरू होते.

टेक्सासच्या पाचव्याच चालीत त्यांचा क्वार्टरबॅक कोल्ट मॅकॉय चेंडू घेऊन धावला. प्रतिपक्षाच्या धिप्पाड खेळाडूची धडक त्याला बसली, उजव्या खांद्यातील मज्जातंतूला इजा झाली आणि ज्या हाताने त्याने चार वर्षांत ४५ सामने जिंकून दिले होते तो हात बधिर पडला. त्या दिवशी तो पुन्हा खेळू शकला नाही. त्याची जागा पहिल्या वर्षाच्या गॅरेट गिल्बर्टला घ्यावी लागली. मध्यंतरापर्यंत ६-२४ असा मागे पडलेला हा संघ नंतर २१-२४ पर्यंत येऊन भिडला. परंतु अखेर अलाबामाने ३७-२१ असा विजय मिळविला.

तेव्हापासून दोन्ही बाजूंच्या चाहत्यांत एक वाद चालू आहे. मॅकॉय जायबंदी झाला नसता तर विजेतेपद टेक्सासचे होते, असे एक पक्ष म्हणतो. अलाबामाचा बचाव असा भक्कम होता की मॅकॉय असता तरी निकाल बदलला नसता, असे दुसरा पक्ष बजावतो. दीड दशक उलटून गेले तरी या जर-तरची धार बोथट झालेली नाही. त्याला हसण्याचे कारण नाही. श्रमणाऱ्या माणसाला आठवड्याचे सहा दिवस ज्या सामूहिक अभिमानाला मुकावे लागते, तो त्याला सातव्या दिवशी आपल्या संघाच्या रूपाने गवसतो. अशा माणसाने हुकलेल्या विजयाची हळहळ बाळगावी, यात अस्वाभाविक काहीच नाही.

परंतु या साऱ्या चर्चेत खांदा हा विजयाचे साधन म्हणून तेवढा येतो. तो एका तरुण माणसाच्या देहाचा भाग आहे, त्याची किंमत कोणी मोजायची आणि लाभ कोणी घ्यायचा, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. सामन्याच्या काही आठवडे आधी, डिसेंबर २००९ मध्ये, टेक्सास विद्यापीठाने आपल्या प्रशिक्षकाचे वार्षिक मानधन सुमारे ५० लाख डॉलरपर्यंत वाढविले होते. खेळाडूंना मात्र वेतन घेण्यास बंदी होती. त्यांना मिळे ती शिष्यवृत्ती, आणि महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या राष्ट्रीय संघटनेच्या १९७३ च्या नियमानुसार तीही एकेका वर्षापुरती. तिचे नूतनीकरण बव्हंशी प्रशिक्षकाच्या मर्जीवर अवलंबून असे. ज्याच्या देहावर खेळ उभा, त्याला वर्षापलीकडची शाश्वती नाही आणि बाजूस उभे राहून आज्ञा देणाऱ्याला लक्षावधी डॉलर, अशी ही व्यवस्था होती.

ती अपघाताने घडलेली नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाकडून खेळताना रे डेनिसन हा खेळाडू डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगारांच्या कायद्याखाली नुकसानभरपाई मागितली. १९५७ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करीत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद होता. याच काळात राष्ट्रीय संघटनेने ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला. नुकसानभरपाईच्या दाव्यांचे भय हेच त्या शब्दाचे उगमस्थान होते, याची कबुली संघटनेचे दीर्घकाळचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर स्वतःच दिली. शब्द गोंडस होता, पण त्याचे काम कामगाराला कामगार म्हणू न देणे हे होते.

त्याची किंमत केंट वॉलड्रेपने मोजली. १९७४ मध्ये अलाबामाविरुद्धच्याच एका सामन्यात तो कायमचा अपंग झाला. त्याने भरपाईसाठी दीर्घ लढा दिला. परंतु २००० मध्ये टेक्सासच्या अपील न्यायालयाने तो विद्यापीठाचा नोकर नव्हता, असा निर्वाळा दिला.

यावर असे म्हटले जाते की खेळाडूला विनामूल्य शिक्षण मिळते, कीर्ती मिळते आणि पुढे व्यावसायिक संघाचे दार उघडते. हे अंशतः खरे आहे. मॅकॉय स्वतः त्याच वर्षी व्यावसायिक संघात निवडला गेला आणि अनेक वर्षे खेळला. पण हे दार फार थोड्यांसाठी उघडते. आणि निवडक भाग्यवंतांच्या भरभराटीकडे बोट दाखवून उरलेल्यांचा हक्क नाकारणे, हा मालकवर्गाचा सर्वत्र आढळणारा जुना युक्तिवाद आहे.

मधल्या काळात काही बदलले, हे मान्य केले पाहिजे. २०१४ मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या खेळाडूंनी, केन कोल्टर या क्वार्टरबॅकच्या पुढाकाराने, कामगार संघटना स्थापण्याचा प्रयत्न केला. श्रम मंडळाच्या शिकागो येथील अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी मानले. २०१५ मध्ये मंडळाने अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार देऊन प्रश्न टाळला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेता येऊ लागला. २०२४ पासून वरच्या श्रेणीतील विद्यापीठांना शिक्षण संपल्यावर किमान दोन वर्षे खेळातील दुखापतींचा वैद्यकीय खर्च सोसण्याचे बंधन आले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्याने विद्यापीठांना उत्पन्नाचा वाटा थेट खेळाडूंना देण्याची मुभा दिली. पहिल्या वर्षी त्याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठास सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

परंतु कर्मचारी हा दर्जा या समझोत्यानेही दिला नाही. पैसा आला, तो हक्काच्या रूपाने नव्हे, बाजारभावाच्या रूपाने. बाजार तारकेला डोक्यावर घेतो. तिच्या रक्षणासाठी पुढच्या रांगेत हाडे झिजविणाऱ्या अनाम खेळाडूकडे तो पाहत नाही. मज्जातंतूला मात्र तारका आणि अनाम हा भेद कळत नाही. दोन वर्षांनी औषधोपचाराची हमी संपते. मोडलेला गुडघा किंवा दुखावलेली मान जन्मभर साथ करते.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. ज्यांच्या श्रमावर हा अवाढव्य व्यवसाय चालतो त्यांना संघटित होण्याचा व सामुदायिक वाटाघाटीचा अधिकार मिळावा. खेळातील दुखापत ही कामावरची दुखापत समजली जावी आणि तिची भरपाई कोणाच्या कृपेने नव्हे, कायद्याने व्हावी. या मागणीला सर्वांत मोठे बळ चाहतेच देऊ शकतात, कारण अखेर त्यांच्याच तिकिटांवर आणि त्यांच्याच डोळ्यांवर हा डोलारा उभा आहे. मॅकॉय असता तर काय झाले असते, याचे उत्तर कोणालाच देता येणार नाही. जो पडतो त्याचे पुढे काय व्हावे, याचे उत्तर देणे मात्र सर्वस्वी माणसांच्या हाती आहे.