'निष्ठावंत'ला इंग्रजीत काय म्हणाल? 'लॉयल' लिहिण्याआधी हे वाचा

कन्नडहून मामेबहिणीचा मेसेज आला. नोकरीच्या अर्जात स्वतःचे तीन गुण इंग्रजीत लिहायचे होते. "दादा, आपल्या विचारांशी प्रामाणिक राहणारी, याला एक शब्द सांग ना." मी घाईत 'लॉयल' असं पाठवून दिलं. नंतर लक्षात आलं, चुकलंच.

नेमका फरक काय?

• लॉयल : व्यक्तीची, पक्षाची किंवा कंपनीची साथ न सोडणारा.

• प्रिन्सिपल्ड : तत्त्वाला धरून वागणारा.

• स्टेडफास्ट : दबाव आला तरी जागचा न हलणारा.

• इंटिग्रिटी : विचार, बोलणं आणि वागणं यांत फट नसणं. मूळ लॅटिन शब्द 'इंटिजर', म्हणजे अखंड. गणितातला पूर्णांक तोच.

• कन्व्हिक्शन : ठाम धारणा. पण कोर्टाच्या बातमीत याचाच अर्थ दोषसिद्धी होतो, जपून वापरा!

मराठीत गोंधळ का होतो?

कारण आपण माणसावरच्या आणि विचारावरच्या, दोन्ही निष्ठांना एकच शब्द वापरतो. जून 2022 मध्ये शिवसेनेत फूट पडली. त्यानंतर एका बाजूने 'निष्ठा यात्रा' काढली, तर दुसरी बाजू बाळासाहेबांच्या विचारांशी निष्ठा सांगत राहिली. शब्द एकच, दावे दोन.

आगरकर कोणत्या शब्दात बसतात?

गोपाळ गणेश आगरकर आणि लोकमान्य टिळक कॉलेजपासूनचे मित्र. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस सोबत काढले. पण आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय स्वातंत्र्य, यावर मतभेद वाढले. 1887 मध्ये आगरकरांनी 'केसरी'चं संपादकपद सोडलं आणि 1888 मध्ये 'सुधारक' काढला. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते मागे हटले नाहीत.

'लॉयल'च्या मापाने ते 'केसरी' सोडून गेलेले संपादक. 'इंटिग्रिटी'च्या मापाने मात्र पूर्णांक.

माझं मत स्पष्ट आहे : साथ न सोडणं हा गुण खराच, पण साथ चुकीची असेल तर तोच गुण महागात पडतो. म्हणून कुणी 'मी निष्ठावंत' म्हणालं, की आधी विचारा, कुणाशी? माणसाशी की विचाराशी?

बहिणीला शब्द बदलून 'प्रिन्सिपल्ड' पाठवला. सोबत एक सूचनाही : मुलाखतीत याचं उदाहरण विचारतील, तेव्हा स्वतःचा एखादा खरा प्रसंग तयार ठेव. तो मात्र गुगलवर सापडत नाही.