समूहगान स्पर्धेला प्रथमच जाणाऱ्यांसाठी

युवक महोत्सव जवळ आला की मराठीच्या प्राध्यापकाकडे एक काम हमखास येते : समूहगानासाठी 'चांगले शब्द' असलेले गीत शोधून देणे. गाणे कोण गाणार, कोण बसवणार याच्याशी आमचा संबंध नसतो. आम्ही केवळ शब्दांचे पुरवठादार. या निमित्ताने तालमी आणि स्पर्धा जवळून पाहावयास मिळाल्या. ख्यालगायनावर, नाट्यसंगीतावर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले. सहा जणांनी मिळून गाण्यावर मात्र फारसे लिहिले जात नाही. म्हणून प्रथमच मंचावर जाणाऱ्यांसाठी, आणि त्यांना पाठवणाऱ्यांसाठीही, हे चार शब्द.

नियम सोपे आहेत. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या महोत्सवात समूहगानासाठी जास्तीत जास्त सहा गायक, तीन साथीदार आणि दहा मिनिटे. मांडणीसाठी चार मिनिटे वेगळी. गुण केवळ गायनाला. वेशभूषेला किंवा हावभावाला नाहीत. तरीही फेट्यांवर तालमीइतकाच वेळ खर्च होताना दिसतो. चित्रपटगीत चालत नाही. (गंमत अशी की, आपल्या शाळांतून रोज म्हटली जाणारी 'ऐ मालिक तेरे बंदे हम' ही प्रार्थना १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ' मधली आणि 'हमको मन की शक्ति देना' १९७१ च्या 'गुड्डी'तली. दोन्हींचे संगीत वसंत देसाई यांचे. शाळेत जे प्रार्थना म्हणून चालते ते महोत्सवात चित्रपटगीत म्हणून बाद!)

नवख्यांना पहिला धक्का बसतो तो पट्टीचा. मुलगी एकटी गाते तेव्हा काळी चार किंवा पाच घेते, मुलगा काळी एक किंवा दोन. दोघांना एकत्र उभे केले की मधली एखादी पट्टी धरावी लागते आणि मग मुलींचे मंद्र स्वर ऐकू येत नाहीत, मुलांचे तारस्वर फाटतात. याला उपाय गळा ताणणे हा नव्हे. चालच अशी निवडावी की जी फार वर-खाली धावणार नाही, किंवा ओळी वाटून घ्याव्यात. दुसरा धक्का श्वासाचा. सहाही जण ओळीच्या शेवटी एकदम श्वास घेतात आणि गाणे दर ओळीला कोसळते. प्रत्येकाने आपली श्वासाची जागा वेगळी ठेवावी. शब्दाच्या मध्ये घेतला तरी चालेल, बाकीचे पाच जण ते झाकतात. एकट्या गायकाला ही चैन नाही.

अलीकडे 'हार्मनी'चा सोस वाढला आहे. सलील चौधरी यांनी १९५८ मध्ये मुंबईत बॉम्बे युथ क्वायर उभे केले, तेव्हापासून भारतीय चालीला पाश्चात्त्य स्वरमेळाची जोड देण्याचे उत्तम नमुने आपल्यासमोर आहेत. पण ते स्वररचनेचे शास्त्र जाणणाऱ्यांचे काम. आठ दिवसांच्या तालमीत 'तू जरा वरून गा' एवढ्या सूचनेवर हे साधत नाही. भूपाच्या चालीला सरसकट तिसरा स्वर जोडत गेलात तर रिषभाच्या वर मध्यम येतो आणि भूप तिथेच संपतो. त्यापेक्षा सहा गळ्यांतून एक स्वर काढणे अवघड आणि, माझ्या मते, अधिक सुंदर.

आता आमच्या अखत्यारीतले : शब्द. 'देश' हा शब्द ओळीच्या शेवटी आला की त्यातला 'श' सहा वेळा, मागेपुढे, फुसफुसत येतो. हे टाळण्यासाठी व्यंजन नेमक्या कोणत्या मात्रेवर सोडायचे ते ठरवून घ्यावे लागते. आणि लोकगीताच्या बाबतीत उलट चूक होते. वऱ्हाडीत 'डोळा'चा 'डोया' होतो. आमचे विद्यार्थी घरी तसेच बोलतात, पण मंचावर जाताना तो 'शुद्ध' करून टाकतात. मग भुलाबाईचे गाणे पाठ्यपुस्तकातल्यासारखे ऐकू येते. जात्यावरची ओवी एकीने सुरू करावी आणि दुसरीने उचलावी. तिच्यातला उच्चार हाच तिचा अलंकार आहे. तो पुसून परीक्षकांकडून गुण मागणे मला तरी पटत नाही.

प्रत्यक्ष दिवस बहुतेक वाट पाहण्यातच जातो. क्रम चिठ्ठ्यांवर ठरतो. सकाळी लावलेला तबला दुपारी उतरतो. मंचावर शेजाऱ्याचा आवाज ऐकू येत नाही, आपला स्वतःचा तर नाहीच. तालमीत आरशासारखे समोरासमोर उभे राहून गाणाऱ्यांची इथे फजिती होते, म्हणून शेवटच्या काही तालमी एका रांगेत उभे राहूनच कराव्यात. आणि रात्री उशिरा निकाल लागतो : तीन नावे, टाळ्या, बस. का हरलो ते कुणी सांगत नाही.

माझी तक्रार इथे आहे. इंग्लंडमध्ये केंडलजवळ १८८५ मध्ये मेरी वेकफिल्ड या गायिकेने गावोगावच्या गायकवृंदांची स्पर्धा सुरू केली. तिथे परस्परांशी स्पर्धा करणारेच वृंद नंतर एकत्र येऊन एखादी मोठी रचना गात. आपण स्पर्धा उचलली, हा दुसरा भाग सोडला. आमच्याकडे संघ आपले गाणे संपवून जेवायला जातो. इतरांचे ऐकत नाही, इतरांबरोबर गात नाही.

हे वर्ध्यात व्हावे याचे अधिक वाईट वाटते. मी राहतो त्या सिंदी मेघेपासून (बाहेरचे लोक हिला सिंदी रेल्वे समजतात, ती वेगळी) सेवाग्राम जवळच आहे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे आले. आश्रमाच्या प्रार्थनेत कुणाचा गळा चांगला हे पाहिले जात नव्हते. ज्यांच्या नावाने २००५ पासून आमचे नागपूर विद्यापीठ ओळखले जाते त्या तुकडोजी महाराजांनी खंजेरीवर गावेच्या गावे गाती केली आणि 'ग्रामगीते'त सामुदायिक प्रार्थनेचा स्वतंत्रपणे विचार मांडला. त्या परंपरेच्या पोटात राहून आम्ही समूहगान ही सहा निवडक गळ्यांची मिरवणूक करून ठेवली आहे. महोत्सव संपला की हा समूहही विसर्जित होतो. हरलेल्यांपैकी अनेक जण पुन्हा गात नाहीत.

स्पर्धा बंद करा असे मी म्हणत नाही. स्पर्धेमुळेच तालीम होते, हे प्राध्यापकांना पक्के ठाऊक आहे. मागणे दोन आहेत. परीक्षकांनी प्रत्येक संघाविषयी दोन वाक्ये लिहून द्यावीत. आणि संयोजकांनी एक गीत महिनाभर आधी सर्व महाविद्यालयांना कळवावे, अखेरीस सगळ्या संघांनी ते एकत्र गावे. वेळ कुठून आणायचा, असे विचारले जाते. परीक्षक गुणांची बेरीज करतात तेवढ्या अर्ध्या तासात सभागृह नाहीतरी रिकामेच बसलेले असते.