लॅपटॉप जुना झाला, हे निदान नव्हे

मोबाईलला वायफाय लागते, लॅपटॉपला लागत नाही. म्हणजे लॅपटॉप गेला, असा निकाल हल्ली घरोघरी पटकन दिला जातो. चवथीच्या आधी सवलतींच्या जाहिराती सुरू झाल्या की तो आणखी लवकर लागतो. ज्याला परवडते त्याने नवा जरूर घ्यावा. पण पेडणे-डिचोलीच्या गावांतील बऱ्याच घरांत नवा काही येत नाही. जुना कपाटावर जातो आणि मुलाच्या हाती फक्त मोबाईल उरतो.

आमची हरकत इथे आहे. मोबाईलवर मूल पाहते. लॅपटॉपवर ते लिहिते. चार पानांचा मराठी निबंध देवनागरीत टंकायचा, प्रकल्पाचा तक्ता करायचा, प्रवेशाचा लांबलचक अर्ज भरायचा, तर कळफलक हवाच. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा एकाच मोबाईलवर दोन-तीन भावंडांनी वर्ग कसे केले, हे पालकांना सांगायला नको.

तेव्हा निकालाआधी थोडी चौकशी करावी. वायफायचे नाव लॅपटॉपच्या यादीत दिसते का? दिसत नसेल तर आधी कडेचे बटण किंवा कळफलकावरची वायफायची कळ बंद तर नाही ना, ते पाहावे. नंतर राउटरकडे वळावे. फायबरबरोबर येणारे बहुतेक नवे राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन बँडवर चालतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अनेक स्वस्त लॅपटॉपना यातला ५ चा बँड कळतच नाही. राउटरमध्ये २.४ बंद असेल तर मोबाईलवर नाव झळकते आणि लॅपटॉपवर काहीच नाही. बिघाड कुठलाच नसतो. शिवाय २.४ म्हणजे काही कमअस्सल नव्हे. आपल्या चिऱ्यांच्या जाड भिंतींतून तोच जास्त चांगला आत पोचतो, ५ चा बँड दुसऱ्या खोलीतच मलूल होतो.

नाव दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी जोडले जात नाही? राउटरची सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए३ वर ठेवलेली असू शकते. ही पद्धत २०१८ साली आली. त्याआधीच्या पुष्कळ यंत्रांना ती उमगत नाही. सोबत डब्ल्यूपीए२ चालू ठेवले की काम होते.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. वायफाय जोडलेले दिसते, पण एकही पान उघडत नाही. अशा वेळी कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. यंत्राच्या आत नाण्याएवढा सेल असतो. तो संपला की, पावसाळाभर बंद राहिलेला लॅपटॉप पंधरा वर्षे मागची तारीख दाखवू लागतो. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांना मुदत असते. तारीख चुकली की ब्राउझर ती नाकारतो. तारीख दुरुस्त करावी, सेल बदलावा. या एवढ्यासाठी यंत्र भंगारात जाणे आम्हाला पटत नाही.

कार्डच खरोखर मेले असेल तर काही शे रुपयांचे यूएसबी वायफाय मिळते. मात्र बॅटरी फुगलेली असेल तर घरी हात लावू नये. आणि विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करण्यापेक्षा लिनक्स घालून ते अभ्यासाला ठेवणे शहाणपणाचे.

गोव्यात सायबरएज योजनेखाली २००० नंतरच्या दशकात अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक आले. काही घरांत त्यांना हळदकुंकूही लागले असेल. यंत्रे आली, पण ती उघडून पाहायची सवय त्यांच्याबरोबर आली नाही, असे आमचे मत आहे. तुयेत इलेक्ट्रॉनिक सिटी व्हायची, आणि त्याच तालुक्यातल्या मुलाला सेल कुठे असतो ते ठाऊक नसायचे!

संगणकाच्या तासाला मुले पडद्याचे भाग पाठ करतात. महिन्यातला एक तास शाळेने दुरुस्तीला द्यावा, असे आम्ही सुचवतो. आठवी-नववीच्या मुलांनी गावातले कपाटावरचे लॅपटॉप शिक्षकांसमोर तपासावेत. तक्रार काय होती आणि निघाले काय, याची वही ठेवावी. स्क्रू-ड्रायव्हरचा एक संच, दोन यूएसबी वायफाय आणि थोडे सेल, एवढे साहित्य सुरुवातीला पुरेल. पालकांनी लॅपटॉप पाठवताना चार्जर तेवढा विसरू नये.