डागडुजीचं देऊळ

जपानी देवळांचा विषय निघाला की सगळे इसेचं कौतुक करतात. तिथली मुख्य देवळं दर 20 वर्षांनी शेजारच्या जागेवर नव्यानं उभारतात. शेवटची 2013 साली. मला मात्र नागानो प्रांतातलं, ओमाचीजवळच्या खेड्यातलं निशिना शिनमेइगू हे शिंतो देऊळ जास्त भावतं. घडण इसेसारखीच. बिनरंगाचं लाकूड, जमिनीपासून उचललेला तळ, छपराच्या टोकांवर फुलीसारख्या फळ्या, आणि भिंतीबाहेर उभे राहून आढं थेट पेलणारे दोन खांब. पूर्वी हेही 20 वर्षांनी नवं बांधत. 1636 नंतर फक्त दुरुस्ती!

छप्पर हिनोकीच्या सालीचं. उभ्या झाडाची फक्त वरची साल काढतात, झाड तोडत नाहीत. काही वर्षांनी साल पुन्हा धरते.

नवं बांधल्यानं सुतारांची विद्या टिकते म्हणतात. खरं आहे. पण साल बसवायला, कुजलेला तुकडा बदलायलाही कसबी हात लागतोच की! शिवाय इसेला प्रत्येक वेळी हजारो झाडं लागतात. आमच्या कॉमर्सच्या भाषेत, दुरुस्तीखर्च वेळेवर केला की भांडवली खर्च टळतो. निशिनाच्या या डागडुजी केलेल्या लाकडालाच 1953 साली सरकारनं राष्ट्रीय ठेवा ठरवलं.