गोरा आला की पाहुणा, बिहारी आला की परप्रांतीय

सध्या आपल्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. अमेरिका-युरोपला कंटाळून लाखो गोरे गरीब देशांकडे निघालेत, तिकडे पैसा आहे पण शांती नाही, आता जग आपल्या संस्कृतीकडे वळतंय, वगैरे. खाली हात जोडलेले इमोजी. पाठवणाऱ्यांत दोन निवृत्त मुख्याध्यापक आणि एक माजी नगरसेवक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी झालीय, पण पूर्ण वाचा आणि मग काय ते बोला.

गोरे निघालेत हे खरं आहे. पण ते शांतीच्या शोधात नाही, हिशेब करून निघालेत.

अमेरिकन माणूस सगळ्यात जास्त कुठे जातो? हृषीकेशला नाही. शेजारच्या मेक्सिकोत. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या अंदाजाने सोळा लाख अमेरिकन नागरिक तिथे राहतात. (त्यात मूळ मेक्सिकन वंशाचेही बरेच आहेत, हे आधीच सांगून टाकतो.) अमेरिकेत निवृत्त कामगाराला सरकारी पेन्शन सरासरी किती मिळते? २०२५ च्या सुरुवातीला महिना १,९७६ डॉलर. आपल्याला ऐकायला दीड लाखाच्या वर, म्हणजे राजा माणूस. पण तिकडच्या शहरात भाडं, विमा, औषधं भरली की हातात काही उरत नाही. हेच पैसे मेक्सिकोत नेले की तिथल्या किमान वेतनाच्या चौपटीहून जास्त होतात. मेक्सिकोचं किमान वेतन त्याच वर्षी महिना ८,३६४ पेसो होतं. करा भागाकार.

दातांचंच घ्या. अमेरिकेत म्हाताऱ्यांसाठी मेडिकेअर नावाचा सरकारी विमा आहे, पण नेहमीचे दातांचे उपचार मूळ योजनेत बसत नाहीत. म्हणून सीमेपलीकडे लोस अल्गोदोनेस नावाचं एक छोटं मेक्सिकन गाव आहे, तिथे शेकडो दंतवैद्य दुकानं थाटून बसलेत. लोक त्याला दाढांचं गावच म्हणतात. अमेरिकन म्हातारे कॅलिफोर्नियाच्या बाजूला गाडी लावतात, चालत सीमा ओलांडतात, कवळी बसवतात आणि संध्याकाळी परत. आता यात संस्कृती कुठे आली? जगातला सगळ्यात श्रीमंत देश आपल्या म्हाताऱ्यांच्या दाढा सांभाळू शकत नाही, ही खरी बातमी आहे. ती फॉरवर्ड कोण करणार?

ब्रिटिशांचं तर आणखी मजेशीर. त्यांची सरकारी पेन्शन दरवर्षी वाढते, पण माणूस भारतात किंवा थायलंडमध्ये राहायला गेला की आहे तिथेच गोठते. फिलिपिन्सला गेला तर वाढत राहते. थायलंड पन्नाशीच्या पुढच्यांना निवृत्तीचा व्हिसा देतं, अट काय? बँकेत आठ लाख बात किंवा महिना पासष्ट हजारांचं उत्पन्न. ध्यानधारणेची अट कुठेच नाही.

आता कुणीतरी पुण्याच्या कोरेगाव पार्कातला रजनीश आश्रम काढणारच, नाहीतर हरमल-हणजुणचे हिप्पी. मान्य. त्यातले काही खरंच काहीतरी शोधत आले होते. पण तेही महिनोनमहिने राहू शकले, कारण तिकडून आणलेले थोडे पैसे इकडे खूप पुरत होते. आणि संस्कृतीकडे वळणाऱ्या जगाबद्दल एक आकडा देतो, संसदेत सांगितलेला: एकट्या २०२४ मध्ये २,०६,३७८ भारतीयांनी भारताचं नागरिकत्व सोडलं. यांना कुणी इमोजी पाठवला?

बरं, येईनात का गोरे, आपलं काय जातं, असं म्हणाल. मेक्सिको सिटीत विचारा. रोमा आणि कोंदेसा हे तिथले दोन भाग. १९८५ च्या भूकंपात रोमा उद्ध्वस्त झाला होता, खूप लोक सोडून गेले. जे राहिले त्यांनी तो पुन्हा उभा केला. कोविडनंतर तिथे लॅपटॉपवाले अमेरिकन आले. पगार तिकडचा, भाडं इकडचं. २०२२ मध्ये शहर सरकारने एअरबीएनबी आणि युनेस्कोबरोबर करार करून अशा लोकांना आणखी आमंत्रण दिलं. तेव्हा शहराच्या प्रमुख होत्या क्लाउडिया शाईनबाम. घरमालकांनी जुने भाडेकरू काढले आणि फ्लॅट दिवसाच्या भाड्यावर लावले. ४ जुलै २०२५ ला, म्हणजे नेमका अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, तिथले लोक रस्त्यावर उतरले. दुकानांच्या काचा फुटल्या, 'गोऱ्यांनो परत जा' छापाच्या घोषणा झाल्या. तोवर शाईनबाम राष्ट्राध्यक्ष झाल्या होत्या. त्यांनी परकीयद्वेषाचा निषेध केला. बरोबरच केला. पण आमंत्रणपत्रिकेवर सही कुणाची होती?

काचा फोडणं मला पटत नाही. पेन्शनवर जगणारी म्हातारी काही खलनायक नाही, तिला तिच्याच देशाने हाकललंय. भाडेकरू काढणारा घरमालक मात्र स्थानिकच असतो, त्याची भाषाही स्थानिकच असते.

मला चीड येते ती दरवाजाची. अमेरिकन माणूस मेक्सिकोत पर्यटक म्हणून व्हिसाशिवाय १८० दिवसांपर्यंत राहू शकतो. मेक्सिकन माणूस उलट्या दिशेने निघाला की व्हिसा, मुलाखत, भिंत, अटक. आणि दोघं जातात कशासाठी? परवडत नाही म्हणून. एकाला एक्स्पॅट म्हणायचं, दुसऱ्याला घुसखोर. आपणही काही वेगळे नाही. हरमलला झोपडीत राहणारा रशियन आपला पाहुणा, आणि बाजारात पाणीपुरी विकणारा बिहारी परप्रांतीय. पाणीपुरीवाल्यामुळे आजवर कुणाच्या घराचं भाडं वाढलंय, मला दाखवा.

आणि हे फार लांबचं नाही. आपण गोव्याच्या हद्दीपासून तासाभरावर राहतो. आसगाव-शिवोलीत दिल्ली-मुंबईच्या पैशाने काय झालं ते आपण बघतोय, तिथे गोऱ्या कातडीचीही गरज पडली नाही. आता तोच पैसा आपल्याकडे वळलाय. आपल्या सरकारी दवाखान्यातल्या एका नर्सताईंना जून महिन्यात खोली सोडावी लागली, कारण मालकाला होमस्टे करायचा होता. त्या आता दोन एसट्या बदलून ड्युटीला येतात. रात्रपाळी असली की भाऊ सोडायला येतो. त्या मालकाने तोच फॉरवर्ड ग्रुपवर टाकलाय, हात जोडून.

शहरात किती घरं अशी दिवसाच्या भाड्यावर चालतात, किती नोंदलेली आहेत आणि त्यांच्याकडून घरपट्टी राहत्या घराची घेतात की धंद्याची, याची माहिती मी नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात मागितलीय. तीस दिवसांची मुदत आहे, त्यातले अकरा झाले. उत्तर आलं की कागद जसाच्या तसा इथे टाकतो.